औटघटकेचे सम्राट: योआनिस सातवा आणि पालायोलोगोस घराण्याची भाऊबंदकी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बायझंटाइन म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या सम्राटांच्या यादीत शेवटच्या शतकात गोंधळ दिसतो. योआनिस पाचवा 1341 ते 1391 असा पन्नास वर्षं गादीवर, पण त्याच काळात योआनिस सहावा येऊन जातो, आंद्रोनिकोस चौथा तीन वर्षं राज्य करतो आणि 1390 मध्ये योआनिस सातवा जेमतेम पाच महिने. हे लोक बंडखोर होते की वारस? गादीसाठी काही नियमच नव्हता का? आणि या भांडणांनीच साम्राज्य बुडवलं का?

मी मध्ययुगीन भूमध्य प्रदेशाचा इतिहास बरीच वर्षं शिकवतो आहे. या यादीतल्या सगळ्या नावांपैकी योआनिस सातव्यावर सर्वात जास्त अन्याय झाला आहे, असं माझं ठाम मत आहे. पाठ्यपुस्तकं त्याला एका ओळीत उरकतात: आजोबांची गादी बळकावणारा नातू. ही ओळ चुकीची आहे. 1390 मध्ये त्याच्या बाजूने लेखी करार होता, वडिलांचा ज्येष्ठत्वाचा हक्क होता आणि लहानपणीच झालेला राज्याभिषेकही होता. त्याच्याकडे नव्हतं ते सैन्य. ते ज्यांच्याकडे होतं, त्यांनी त्याला गादी दिली. त्यांचा हात सैल पडताच ती गेली. उशिराच्या बायझंटाइन काळातली औटघटकेची राज्यं समजून घ्यायची तर गादीवर कोण बसलं यापेक्षा त्याला कोणी बसवलं आणि बदल्यात काय घेतलं, हे आधी पाहावं.

आधी नियमाबद्दल. बायझंटाइन राज्यात वारसाहक्काचा लेखी कायदा नव्हता. सैन्य, नगरजन आणि दरबार ज्याचा जयघोष करतील आणि धर्मगुरू म्हणजे पॅट्रिआर्क ज्याला मुकुट घालेल, तो सम्राट. घराण्यात गादी टिकवायची तर बाप आपल्या हयातीतच मुलाला सहसम्राट करून अभिषेक करवून घेई, म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर प्रश्नच उरू नये. युक्ती चांगली होती, पण तिच्यात एक मोठी अडचण होती. एकदा झालेला अभिषेक पुसता येत नाही. बापाचं मुलाशी बिनसलं आणि त्याने दुसऱ्या मुलाला अभिषेक केला, की राज्यात दोन अभिषिक्त वारस झाले. दोघांच्या नावाने शपथा घेतलेले लोक झाले. मग कोणता अभिषेक खरा, हे ठरवणारं न्यायालय कुठे होतं? नव्हतंच.

म्हणून डोळे काढण्याची शिक्षा. ती नुसती क्रूरता नव्हती, त्यामागे राजकीय हिशोब होता. आंधळा माणूस सम्राट होऊ शकत नाही, असा समज रूढ होता. तेव्हा प्रतिस्पर्ध्याला ठार न मारताही शर्यतीतून काढता येई. पालायोलोगोस या शेवटच्या राजघराण्याचा पायाच अशा एका कृत्यावर उभा आहे. 1258 मध्ये नायकियाचा, म्हणजे राजधानी गमावल्यावर उभ्या राहिलेल्या ग्रीक राज्याचा, सम्राट थिओडोरोस दुसरा लास्कारिस वारला, तेव्हा त्याचा मुलगा योआनिस चौथा सात वर्षांचा होता. नेमलेला पालक मुझालोन दिवंगत सम्राटाच्या स्मरणविधीच्या वेळी चर्चमध्येच मारला गेला, अवघ्या नऊ दिवसांत. मिखाएल पालायोलोगोस पालक झाला, मग सहसम्राट झाला. 1261 मध्ये कॉन्स्टँटिनोपल लॅटिनांकडून, म्हणजे पश्चिम युरोपातल्या क्रुसेडरांकडून, परत मिळाल्यावर त्याने त्या मुलाचे डोळे काढले. दिवस होता 25 डिसेंबर, ख्रिस्तजन्माचा. मुलाचा अकरावा वाढदिवसही तोच. पॅट्रिआर्क आर्सेनिओसने मिखाएलला धर्मबहिष्कृत केलं आणि त्यावरून चर्चमध्ये पडलेली फूट 1310 पर्यंत सांधली गेली नाही. मिखाएलचा मुलगा आंद्रोनिकोस दुसरा 1290 मध्ये त्या आंधळ्या कैद्याला भेटायला गेला आणि त्याने क्षमा मागितली. तेव्हा योआनिस चौथा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. आयुष्याची जवळपास तीस वर्षं त्याने अंधारात काढली होती. हा प्रसंग वर्गात सांगताना मला आजही थांबावं लागतं.

याच आंद्रोनिकोस दुसऱ्याच्या घरात एक वेगळा वाद झाला, तो फारसा कोणी सांगत नाही. त्याची दुसरी पत्नी योलांदे, ग्रीक नाव इरिनी, इटलीतल्या मोंफेरात घराण्यातली. तिचं म्हणणं होतं की राज्य सगळ्या मुलांत वाटून द्यावं, पहिल्या पत्नीच्या मुलालाच सगळं का? तिच्या माहेरी तशी रीत होती. सम्राटाने साफ नकार दिला, कारण रोमन राज्य ही कोणाची खासगी मिळकत नाही, असा जुना विचार त्याच्या हाडीमांसी भिनलेला होता. राणी चिडून थेसालोनिकीला जाऊन राहिली. तिची मागणी तेव्हा परकी वाटली. सत्तर-ऐंशी वर्षांनी मात्र हेच साम्राज्य भावाभावांत तुकड्यातुकड्याने वाटलं जात होतं: एकाला थेसालोनिकी, एकाला राजधानीजवळचं सेलिम्ब्रिया, एकाला दक्षिण ग्रीसमधलं मोरेआ. नियम बदलल्याची घोषणा कोणी केली नाही. भांडणं मिटवता मिटवता वाटणी होत गेली.

पहिलं मोठं यादवी युद्ध आजोबा आणि नातवाचं. आंद्रोनिकोस दुसरा म्हातारा, मुलगा मिखाएल नववा सहसम्राट, आणि नातू आंद्रोनिकोस तिसरा तरुण, उधळा. एका प्रेमप्रकरणातल्या प्रतिस्पर्ध्यासाठी नातवाने लावलेल्या माणसांनी रात्रीच्या अंधारात त्याच्या सख्ख्या भावालाच मारलं. त्या धक्क्याने 1320 च्या ऑक्टोबरमध्ये बाप मिखाएल वारला. आजोबांनी नातवाचा वारसा काढून घेतला. 1321 पासून सात वर्षं थांबून थांबून लढाई चालली. 1328 च्या मे महिन्यात आतल्यांच्या फितुरीने नातू शहरात शिरला आणि आजोबांना पुढे मठाचा रस्ता धरावा लागला. या काळात राजधानीपलीकडच्या बिथिनियात ऑटोमन तुर्कांचा संस्थापक उस्मान आणि त्याचा मुलगा ऑर्हान यांची माणसं शांतपणे पुढे सरकत होती. 1326 मध्ये बुर्सा गेलं.

दुसरं युद्ध मात्र जीवघेणं ठरलं आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. 15 जून 1341 ला आंद्रोनिकोस तिसरा वारला. मुलगा योआनिस पाचवा जेमतेम नऊ वर्षांचा होता. एका बाजूला राजमाता सॅव्हॉयची अ‍ॅना, पॅट्रिआर्क योआनिस कालेकास आणि महत्त्वाकांक्षी आलेक्सिओस आपोकाउकोस. दुसऱ्या बाजूला दिवंगत राजाचा जिवलग मित्र आणि सेनापती योआनिस कांताकुझिनोस. ऑक्टोबर 1341 मध्ये त्याने दिदिमोतिखो इथे स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं, पण घोषणेत आपलं नाव बाल-सम्राटानंतर ठेवलं. पुढे पाच-सहा वर्षं शहरांत श्रीमंत विरुद्ध सामान्य असा भेद पेटला. थेसालोनिकीत झीलट म्हणवणाऱ्या गटाने सत्ता घेतली. दोन्ही बाजूंनी परकी सैन्यं बोलावली: सर्ब, बल्गार, तुर्क. 1346 मध्ये कांताकुझिनोसने आपली मुलगी थिओडोरा ऑर्हानला दिली, त्याच वर्षी सर्बियाचा स्टेफान दुशान स्वतःला सम्राट म्हणवू लागला. मॅसिडोनियाचा मोठा भाग त्याने गिळला.

या युद्धाची किंमत आकड्यांत दिसते. 1343 मध्ये राजमातेने राजमुकुटाची रत्नं व्हेनिसकडे 30,000 दुकातांना गहाण टाकली. ती कधीच सुटली नाहीत. 1347 मध्ये कांताकुझिनोस जिंकला आणि योआनिस सहावा झाला, तेव्हा अभिषेक हागिया सोफियात होऊ शकला नाही, कारण आदल्या वर्षी घुमटाचा भाग कोसळला होता आणि दुरुस्तीला पैसा नव्हता. समकालीन इतिहासकार ग्रिगोरास लिहून ठेवतो की मुकुटातली रत्नं काचेची होती आणि मेजवानीची भांडी माती-कथलाची. राजधानीसमोरच्या गलाता वसाहतीत इटलीतल्या जिनोआवाल्यांना वर्षाला 2,00,000 सोन्याच्या नाण्यांची जकात मिळे, तर साम्राज्याच्या राजधानीला जेमतेम 30,000, हाही आकडा त्याचाच. त्याच वर्षी काळी महामारी शहरात आली. यानंतर काही वर्षांत बायझंटाइन टांकसाळीतून सोन्याचं नाणं निघणंच बंद झालं. हजार वर्षं ज्या नाण्याच्या भरवशावर भूमध्य समुद्राचा व्यापार चालला, ते नाणं संपलं.

कांताकुझिनोसने आपली मुलगी हेलेनी बाल-सम्राटाला देऊन तडजोड केली होती. सासरा थोरला सम्राट, जावई धाकटा. पण 1352 मध्ये पुन्हा युद्ध पेटलं आणि पुढच्या वर्षी कांताकुझिनोसने आपल्या मुलाला, मात्थेओसला, सम्राट घोषित केलं. 2 मार्च 1354 च्या रात्री गॅलिपोलीला भूकंप झाला, तटबंदी ढासळली आणि ऑर्हानचा मुलगा सुलेमान आत शिरून बसला. युरोपातलं ऑटोमनांचं ते पहिलं पक्कं ठाणं. त्याच वर्षाच्या अखेरीस योआनिस पाचवा फ्रान्चेस्को गात्तिलुसिओ या जिनोआच्या साहसी दर्यावर्द्याच्या मदतीने शहरात परतला. कांताकुझिनोसने मुकुट उतरवला आणि तो योआसाफ नावाने भिक्षू झाला. गात्तिलुसिओला बक्षीस म्हणून सम्राटाची बहीण आणि लेस्बोस बेट मिळालं. एका गादीबदलासाठी एक बेट. पुढच्या सगळ्या घटनांचा साचा इथेच तयार झाला.

आता आंद्रोनिकोस चौथा. हा योआनिस पाचव्याचा थोरला मुलगा, 1348 चा जन्म, बालपणापासून सहसम्राट. 1369 मध्ये बाप मदत मागायला रोमला गेला आणि पोपसमोर त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. परतताना कर्जापायी व्हेनिसमध्ये अडकला. पुढच्या शतकातल्या ग्रीक इतिहासात असं येतं की राजधानी सांभाळणाऱ्या थोरल्याने पैसे पाठवले नाहीत आणि धाकटा मानुएल थेसालोनिकीहून धावून गेला. बापाचं मन तिथेच फिरलं असेल. 1371 मध्ये मारित्सा नदीवर सर्ब सैन्याचा धुव्वा उडाला आणि बाल्कन प्रदेशात ऑटोमनांना थोपवणारं कोणी उरलं नाही. योआनिस पाचवा सुलतान मुरादचा मांडलिक झाला, खंडणी देऊ लागला, त्याच्या मोहिमांत सामील होऊ लागला.

1373 च्या मे महिन्यात, बाप मुरादच्या छावणीत असताना, आंद्रोनिकोसने बंड केलं. विलक्षण गोष्ट अशी की त्याचा साथीदार होता मुरादचा मुलगा सावजी. दोन राजपुत्र दोन बापांविरुद्ध एकत्र आले. बंड मोडलं. मुरादने सावजीचे डोळे काढून त्याला ठार केलं आणि योआनिसने आपल्या मुलाशी व नातवाशी तसंच करावं, असा आग्रह धरला. नातू म्हणजेच आपला योआनिस सातवा. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. शिक्षा झाली, पण अर्धवट. दोघांचीही दृष्टी बऱ्याच अंशी वाचली. मुद्दाम की चुकून, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाटतं, आपल्या तीन वर्षांच्या नातवाच्या डोळ्यांत तापलेली सळई पूर्ण फिरवण्याचा हुकूम योआनिस पाचव्याच्या तोंडून निघाला नसावा. तो दुबळा राजा होता, राक्षस नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मानुएलला सहसम्राटाचा अभिषेक झाला. आता अभिषिक्त दोन झाले.

पुढे जे झालं त्यात जिनोआ आणि व्हेनिस यांचं भांडण मिसळलं. दार्दानेल्सच्या तोंडाशी तेनेदोस नावाचं छोटं बेट आहे. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती काळ्या समुद्राकडे जाणारी वाट. योआनिस पाचव्याने ते व्हेनिसला देऊ केलं, बदल्यात रोख रक्कम आणि गहाण पडलेली रत्नं. जिनोआवाल्यांना हे परवडणारं नव्हतं. त्यांनी कैदेतल्या आंद्रोनिकोसला पळवलं, मुरादने त्याला सैन्य दिलं आणि महिन्याभराच्या वेढ्यानंतर ऑगस्ट 1376 मध्ये तो शहरात शिरला. बाप आणि दोन भाऊ, मानुएल आणि थिओडोरोस, आनेमास बुरुजात डांबले गेले. जिनोआला तेनेदोस लिहून दिलं गेलं. बेटावरच्या लोकांनी ते मानलं नाही आणि बेट व्हेनिसच्या स्वाधीन केलं. त्यावरून दोन इटालियन नगरराज्यांत जे युद्ध पेटलं, ते थेट व्हेनिसच्या दारात किओज्जापर्यंत पोहोचलं आणि 1381 च्या तोरिनोच्या तहाने थांबलं. मुरादची किंमत गॅलिपोली. 1366 मध्ये योआनिस पाचव्याचा मामेभाऊ, सॅव्हॉयचा अमादेओ सहावा, याने ते तुर्कांकडून जिंकून परत केलं होतं. दहा वर्षांनी ते आंद्रोनिकोसने परत देऊन टाकलं. 1377 च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा आणि मुलाचा रीतसर अभिषेक झाला. योआनिस सातव्याच्या हक्काचा मोठा आधार हा, आणि तो बहुतेक यादींत दिसत नाही.

1379 मध्ये बाप-भाऊ तुरुंगातून निसटले आणि मुरादकडेच गेले. त्यांनी जास्त खंडणी कबूल केली. सुलतानाने या वेळी त्यांना सैन्य दिलं, व्हेनिसने जहाजं दिली आणि 1 जुलैला ते शहरात शिरले. आंद्रोनिकोस गलातात पळाला आणि जाताना आपली आई हेलेनी आणि आईचे वडील, म्हणजे भिक्षू झालेला वृद्ध कांताकुझिनोस, यांना ओलीस म्हणून घेऊन गेला. अखेर 1381 मध्ये समेट झाला. योआनिस पाचव्याने थोरल्या मुलाला आणि नातवाला पुन्हा वारस मानलं, त्यांना सेलिम्ब्रिया आणि आसपासची शहरं दिली. मानुएलचा हक्क बाजूला पडला. तो नाराज होऊन थेसालोनिकीला गेला आणि तिथे स्वतःच्या बळावर तुर्कांशी लढत राहिला. 1387 मध्ये ते शहर पडलं. दरम्यान 1385 मध्ये आंद्रोनिकोस चौथा, पुन्हा बापाशी लढून हरल्यावर, वारला.

इथे जरा थांबून विचार करा. 1381 चा करार कागदावर होता. थोरली शाखा वारस होती. बाप वारल्यावर योआनिस सातवा त्याचा दावेदार झाला, सेलिम्ब्रियात बसून. आजोबा मात्र पुन्हा मानुएलला जवळ घेत होते. वीस वर्षांच्या या तरुणाने काय समजायचं?

14 एप्रिल 1390 च्या रात्री त्याच्या पाठीराख्यांनी शहराचं दार उघडलं. मागे जिनोआ होतं आणि नवा सुलतान बायेझीद होता. म्हाताऱ्या योआनिस पाचव्याने शहराच्या दक्षिण टोकाच्या सुवर्णद्वाराजवळच्या किल्ल्यात आश्रय घेतला. तो किल्ला त्याने स्वतःच, जुन्या चर्चचे दगड आणून मजबूत केला होता. त्या वेळी स्मोलेन्स्कचा इग्नाती नावाचा रशियन यात्रेकरू शहरात होता आणि त्याने हे दिवस लिहून ठेवले आहेत. परक्या माणसाची नोंद म्हणून ती मला फार मोलाची वाटते, कारण ग्रीक लेखक बहुतेक मानुएलच्या बाजूचे. दोन प्रयत्न फसल्यावर मानुएल ऱ्होड्सच्या योद्धा-भिक्षूंची जहाजं घेऊन आला. 17 सप्टेंबरला योआनिस सातव्याला शहर सोडावं लागलं. पाच महिने आणि तीन दिवस.

त्या पाच महिन्यांत तो नेमका काय राज्यकारभार करणार? शहराच्या एका कोपऱ्यात आजोबा तोफेसारखे रोखून बसलेले, समुद्रात काकांची जहाजं, तिजोरी रिकामी. त्याच्या राजवटीचं मूल्यमापन करणं म्हणजे पावसात विस्कटलेल्या रांगोळीवरून हात कसा होता ते ठरवणं.

खरा विजेता बायेझीद होता. त्याने मानुएलला चाकरीला बोलावलं आणि पश्चिम अनातोलियातल्या शेवटच्या स्वतंत्र ग्रीक शहरावर, फिलाडेल्फियावर, चालून गेलेल्या तुर्की सैन्यात त्याला चालवलं. दोघे प्रतिस्पर्धी, काका आणि पुतण्या, त्या मोहिमेत होते असं मानलं जातं. स्वतःच्याच लोकांचं शहर तुर्कांना जिंकून द्यायला बायझंटाइन राजपुत्र हजर होते, यापेक्षा कडू चित्र या इतिहासात नाही. मग सुलतानाने हुकूम दिला: सुवर्णद्वाराचा किल्ला पाडा, नाहीतर मानुएलचे डोळे काढू. योआनिस पाचव्याने किल्ला पाडला आणि 16 फेब्रुवारी 1391 ला तो वारला. नातवाला घालवून त्यालाही पाचच महिने मिळाले. मानुएल बातमी कळताच बुर्साहून रातोरात निसटला आणि 8 मार्चला राजधानीत पोहोचला. पुतण्या पोहोचण्याआधी पोहोचणं, हाच त्याचा वारसाहक्क ठरला. त्याच वर्षी पुन्हा सुलतानासोबत मोहिमेवर असताना त्याने लिहिलेल्या पत्रात उजाड शहरांचं वर्णन आहे, ज्यांची जुनी नावंही तिथल्या कुणाला सांगता येईनात. मानुएल मोठा लेखक होता. इतिहास त्याच्या बाजूने लिहिला गेला, याचं हेही एक कारण.

कोणी म्हणेल, अशी भाऊबंदकी फक्त राजधानीतच होती का? काळ्या समुद्रावरच्या त्रेबिझोंदच्या ग्रीक साम्राज्यात 1340 ते 1349 या नऊ वर्षांत गादी सहा-सात वेळा फिरली. 1341 च्या जुलैअखेर तिथे आलेला मिखाएल कोम्निनोस दुसऱ्याच दिवशी पदच्युत झाला. त्याच्या जागी राहिलेली आना वर्षभराने गळा दाबून मारली गेली. मिखाएलला मात्र 1344 मध्ये पुन्हा गादी मिळाली आणि पाच वर्षं टिकलीही.

ऑटोमनांकडेही हेच होतं. फरक इतकाच, की त्यांच्याकडे हरलेला भाऊ सहसा जिवंत राहत नसे आणि बायझंटाइनांकडे हरलेल्याला एक शहर मिळे. 1402 मध्ये अंकाराच्या लढाईत तैमूरने बायेझीदला कैद केल्यावर त्याची मुलं अकरा वर्षं आपसांत लढली, तेव्हा बायझंटाइनांनीही तोच डाव टाकला: एका दावेदाराला मदत, दुसऱ्याला आश्रय. 1421 मध्ये चुकीच्या दावेदारावर, मुस्तफावर, पैज लावली आणि 1422 मध्ये मुराद दुसरा राजधानीला वेढा घालून बसला.

योआनिस सातव्याची गोष्ट मात्र 1390 ला संपत नाही, आणि मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते पुढच्या भागासाठी. 1394 पासून बायेझीदने कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला. योआनिस सेलिम्ब्रियात, सुलतानाच्या आश्रयाने. 1397 मध्ये त्याने आपला हक्क फ्रान्सचा राजा शार्ल सहावा याला विकायला काढला: फ्रान्समध्ये एक किल्ला आणि वर्षाला 25,000 फ्लोरिन द्या, साम्राज्य घ्या. हा कागद वाचून लोक त्याला हलका ठरवतात. मला त्यात थकवा दिसतो. सत्तावीस वर्षांच्या माणसाला या सगळ्यातून बाहेर पडायचं होतं, दूर कुठेतरी.

1399 मध्ये बुसिको हा फ्रेंच सेनापती थोडी फौज घेऊन आला. त्याने काका-पुतण्याची दिलजमाई घडवली. मानुएल मदत मागायला पश्चिमेला गेला, पॅरिस आणि लंडन गाठलं, 1400 चा नाताळ इंग्लंडच्या राजाबरोबर एल्थमला साजरा केला. आणि वेढलेलं, उपाशी शहर ज्याच्या हाती सोपवलं, तो कोण? योआनिस सातवा. ज्याला आयुष्यभर सुलतानाचा माणूस म्हटलं, त्याच्याकडे सुलतानाने शहर मागितलं, तेव्हा त्याने दार उघडलं नाही. तैमूरवर बायेझीद जिंकला तर शहर देऊ, असा शब्द दिला गेल्याचं कॅस्टिलचा राजदूत क्लाविहो 1403 मध्ये तिथे आला तेव्हा ऐकून होता. तसं असेलही. पण लढाई होईपर्यंत तट उभा होता आणि शहर ग्रीकांचं होतं. 1403 च्या आरंभी बायेझीदचा मुलगा सुलेमान याच्याशी जो तह झाला, तो योआनिसने केला: थेसालोनिकी परत, किनारपट्टीचा भाग परत, खंडणी बंद. गेल्या अनेक दशकांत एवढं कोणत्याही सम्राटाने मिळवलं नव्हतं.

मग काका परत आला. योआनिसला लिम्नोसला पाठवलं गेलं. त्याने सासऱ्याला, लेस्बोसच्या गात्तिलुसिओला, घेऊन थेसालोनिकीवर चाल केली, तेव्हा मानुएलने त्याला तेच शहर दिलं आणि सम्राट ही पदवीही ठेवली. तिथे त्याने सप्टेंबर 1408 पर्यंत शांतपणे राज्य केलं.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. 1341 ते 1354 च्या यादवीने साम्राज्याचा कणा मोडला: जमीन, नाणं आणि गॅलिपोली गेली ती तेव्हा. 1373 नंतरची भांडणं हे त्या मोडलेल्या कण्याचं दुखणं. ती झाली नसती तरी बायेझीदचा वेढा पडलाच असता. 1390 च्या पाच महिन्यांना साम्राज्य बुडाल्याचा दोष देणं म्हणजे शेवटच्या फांदीला वादळाचा दोष देणं. अर्थात सवय गेली नाही: 1442 मध्ये मानुएलचा मुलगा दिमित्रिओस तुर्की मदतीने राजधानीवर चालून आला, आणि 1453 नंतरही तो आणि त्याचा भाऊ थोमास मोरेआत लढत राहिले, 1460 पर्यंत.

वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स संग्रहालयात तळहातात मावणारी एक हस्तिदंती डबी आहे. तिच्याभोवती दोन राजकुटुंबं कोरली आहेत: दोन सम्राट, दोन राण्या, दोन लहान मुलगे, शेजारी नाचगाणं करणारे लोक, आणि एक गुडघे टेकलेली आकृती शहराची प्रतिकृती पुढे करते आहे. अभ्यासक ती डबी थेसालोनिकी परत मिळाल्याच्या सुमाराची मानतात आणि त्यातली कुटुंबं मानुएलची आणि योआनिसची असं वाचतात. योआनिसच्या बाजूला उभा असलेला छोटा मुलगा आंद्रोनिकोस, पाचवा. तो सात वर्षांच्या आसपास, वडिलांच्या आधीच वारला. योआनिसने शेवटी भिक्षूचं वस्त्र घेतलं आणि नाव घेतलं योआसाफ, त्याच्या पणजोबा कांताकुझिनोसने घेतलेलं.